विषम वर्षातून सम वर्षात : लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळाची निवडणूक

३ मार्च २०१५ रोजी लॉस एंजेलिसच्या मतदारांपुढे शहराच्या सनदेतल्या, म्हणजे शहराचा कारभार ठरवणाऱ्या मूळ नियमपत्रातल्या, दोन दुरुस्त्या मंजुरीसाठी आल्या. पहिली महापौर, नगर परिषद वगैरे शहराच्या पदांबद्दल होती आणि दुसरी लॉस एंजेलिस युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्टच्या शिक्षण मंडळाबद्दल. दोन्हींचा आशय एकच होता. विषम वर्षांत मार्च आणि मे महिन्यांत होणाऱ्या स्थानिक निवडणुका थांबवायच्या आणि २०२० पासून त्या सम वर्षांत, राज्याच्या व देशाच्या निवडणुकांच्या दिवशीच घ्यायच्या. दोन्ही दुरुस्त्यांना ७७ टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि त्या मंजूर झाल्या. त्या दिवशी मतदान केलेले लोक एकूण नोंदणीकृत मतदारांच्या जेमतेम दहा टक्के होते.

या बदलाची चर्चा झाली ती बहुतेक महापौरपदाच्या अंगाने. मला त्यातली दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची वाटते. महापौर कोण, हे शहरातल्या बहुतेकांना ठाऊक असते. शिक्षण मंडळाचा सदस्य कोण, हे त्याच्याच विभागातल्या पालकांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. तरीही त्या पालकांच्या मुलांची शाळा कशी चालेल, हे तोच सदस्य ठरवतो.

मंडळाच्या हातात काय असते

इथले डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. शाळा, पाणी, अग्निशमन अशा एकेका कामासाठी आखलेले आणि बहुधा स्वतःचे निवडून आलेले मंडळ असलेले ते क्षेत्र असते. कॅलिफोर्नियात अशी क्षेत्रे हजारोंनी आहेत. लॉस एंजेलिसचे शाळा क्षेत्र न्यूयॉर्कखालोखाल देशातले सर्वांत मोठे. २०१५ च्या सुमारास त्यात सहा लाखांहून जास्त विद्यार्थी होते. शहराच्या हद्दीबाहेरची दोन डझनांहून अधिक छोटी शहरेही पूर्ण किंवा अंशतः या क्षेत्रात येतात, पण मंडळाच्या निवडणुकीचे नियम लॉस एंजेलिस शहराच्या सनदेत लिहिलेले आहेत.

मंडळात सात सदस्य, प्रत्येक जण एका विभागातून निवडलेला. प्रमुख अधिकारी नेमणे, शिक्षक संघटनेशी पगार व वर्गातील विद्यार्थीसंख्येचा करार करणे, चार्टर शाळांना परवानगी देणे किंवा नाकारणे, कर्जरोख्यांचा आणि कराचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवणे ही सगळी कामे या सात जणांची. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळा. त्यांच्या वाढीवरून शिक्षक संघटना आणि चार्टर शाळांचे पुरस्कर्ते यांच्यात तिथे अनेक वर्षे उघड सामना चालला आहे.

स्थानिक निवडणुका वेगळ्या वेळी घेण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुधारणावाद्यांनी रुजवली. पक्षांच्या स्थानिक ठेकेदारांच्या हातून शहरे सोडवायची हा त्यांचा हेतू होता. म्हणून उमेदवाराच्या नावापुढे पक्ष लिहायचा नाही आणि निवडणूकही राज्य-देशाच्या धामधुमीपासून दूर घ्यायची, असे ठरले. शाळेचा आणि गटाराचा प्रश्न त्याच्या गुणदोषांवर सुटावा, या अपेक्षेत गैर काही नव्हते. मात्र पक्षांची गर्दी दूर करताना मतदारांची गर्दीही दूर झाली. मार्चमधल्या एखाद्या मंगळवारी, दुसरे काहीच मतदानाला नसताना, केवळ शिक्षण मंडळासाठी बाहेर पडतो कोण? ज्याचा पगार, करार किंवा परवाना त्या निकालावर अवलंबून आहे तो नक्की पडतो. दोन पाळ्यांत काम करणारी आई बहुधा पडत नाही.

२०१३ नंतरची अस्वस्थता

२१ मे २०१३ रोजी महापौरपदाची दुसरी फेरी, म्हणजे आघाडीच्या दोन उमेदवारांतली निर्णायक लढत, झाली. एरिक गार्सेटी आणि वेंडी ग्रुएल या दोघांनीही पैसा ओतला होता, लढत चुरशीची होती आणि विद्यमान महापौर रिंगणात नव्हता. तरी मतदान झाले २३ टक्क्यांच्या आसपास. गार्सेटी जिंकले ते सुमारे सव्वादोन लाख मतांवर, आणि शहराची वस्ती तेव्हा ३८ लाखांच्या घरात होती. खुल्या जागेच्या चुरशीच्या लढतीतही एवढेच लोक येत असतील तर दोष उमेदवारांचा नाही, हे यानंतर बऱ्याच जणांना पटले. नगर परिषदेने निवडणूक सुधारणांसाठी आयोग नेमला आणि त्याने तारखा सम वर्षांत नेण्याची शिफारस केली.

याच काळात दुसराही एक उपाय पुढे आला होता आणि तो तपशिलात पाहण्यासारखा आहे. २०१४ मध्ये शहराच्या नीतिमत्ता आयोगाने मतदारांना रोख बक्षिसे देण्याचा विचार करावा असे नगर परिषदेला सुचवले. शहराने ते केले नाही. पण मे २०१५ मध्ये शिक्षण मंडळाच्या पाचव्या विभागाच्या दुसऱ्या फेरीसाठी लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मतदारांत काम करणाऱ्या एका संस्थेने खरोखरच सोडत काढली. मतदान करा, तुमचे नाव सोडतीत जाईल आणि एकाला २५ हजार डॉलर मिळतील. त्या योजनेचे नाव होते ‘व्होटेरिया’. एका सुरक्षारक्षकाला ती रक्कम मिळाली. देशाच्या निवडणुकीत पैसे देऊन मतदानाला आणणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मतपत्रिकेवर केंद्रीय पद नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले. ज्यांनी हे केले त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. त्यांच्या विभागात बहुसंख्य विद्यार्थी लॅटिनो होते आणि मतदार यादीतून प्रत्यक्ष मतदानाला येणाऱ्यांचे चित्र त्याहून फार वेगळे होते. पण सोडतीवर विसंबावे लागते तेव्हा निवडणुकीच्या वेळेतच बिघाड आहे हे मान्य करावे लागते, आणि तो बिघाड कसा दुरुस्त करायचा हे मतदारांनी दोनच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये ठरवलेही होते.

विरोध कशाला होता

विरोधकांना उडवून लावणे सोपे आहे, पण त्यांच्या हरकती खऱ्या होत्या. कॅलिफोर्नियाची मतपत्रिका आधीच लांबलचक असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये थेट मतदारांच्या कौलासाठी राज्यपातळीचेच १७ प्रस्ताव होते आणि मतदारांच्या घरी आलेली माहितीपुस्तिका २२४ पानांची होती. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधी, आमदार, न्यायाधीश आणि १७ प्रस्ताव यांच्या रांगेत शिक्षण मंडळाचे नाव आले तर तिथपर्यंत पोहोचताना मतदार थकलेला असेल. त्याने रकाना कोरा सोडला तर टक्केवारी कागदावर वाढते, शिक्षण मंडळाला त्याचा उपयोग होत नाही. दुसरी हरकत पैशाची. नोव्हेंबरमध्ये जाहिरातींचे दर चढलेले असतात, टपालपेटी पत्रकांनी भरलेली असते आणि नवख्या उमेदवाराला आवाज पोहोचवणे महाग पडते.

तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. तारखा जुळवायच्या तर मध्ये कुठेतरी मुदत वाढवावी किंवा कापावी लागते. लॉस एंजेलिसने वाढवली. २०१५ मध्ये निवडून आलेले सदस्य डिसेंबर २०२० पर्यंत आणि २०१७ मधले डिसेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे चारऐवजी साडेपाच वर्षे पदावर राहणार, असे दुरुस्तीतच लिहिले होते. शहराच्या बाजूने हा प्रस्ताव पुढे रेटणाऱ्या नेत्यांपैकी काहींना स्वतःलाच त्या दीड वर्षाचा लाभ होणार होता. टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. तरी फरक एवढा की हे मतदारांना विचारून झाले, एकदाच झाले, आणि २०१७ मध्ये मत देणाऱ्याला आपण साडेपाच वर्षांसाठी मत देतो आहोत हे आधीपासून माहीत होते.

ताणलेल्या मुदतीची किंमत मात्र लवकरच दिसली. पाचव्या विभागात २०१५ मध्ये निवडून आलेले रेफ रॉड्रिगेझ यांच्यावर प्रचारनिधीच्या गैरव्यवहाराचा खटला झाला. जुलै २०१८ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल करून राजीनामा दिला. जुन्या वेळापत्रकात ती जागा २०१९ च्या वसंतात तशीही निवडणुकीला आली असती. आता त्याच सुमारास पोटनिवडणूक घ्यावी लागली. मार्चमध्ये पहिली फेरी, मे महिन्यात दुसरी. जॅकी गोल्डबर्ग मोठ्या फरकाने जिंकल्या, आणि हे सगळे उरलेल्या दीड-पावणेदोन वर्षांसाठी.

त्याच २०१९ सालातली आणखी एक गोष्ट या प्रकरणाचा भाग आहे, जरी ती सदस्यांच्या निवडणुकीची नाही. जानेवारीत शिक्षकांचा सहा शालेय दिवसांचा संप झाला आणि लोकांची सहानुभूती उघडपणे शिक्षकांकडे होती. त्या लाटेवर मंडळाने शाळांसाठी मालमत्तेवरील नव्या कराचा प्रस्ताव आणला आणि तो ४ जूनला, स्वतंत्र निवडणुकीत, मतदानाला टाकला. सम वर्षापर्यंत थांबायला मंडळ तयार नव्हते. दोन तृतीयांश मते हवी होती, मिळाली निम्म्याहूनही कमी. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये सात अब्ज डॉलरचे शाळा कर्जरोखे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ अब्जांचे, दोन्ही मतदारांनी मंजूर केले. कर आणि कर्जरोखे यांना लागणारी बहुमताची अट वेगळी आहे, म्हणून सरळ तुलना करता येत नाही. पण छोट्या निवडणुकीत आपली माणसे जास्त येतील, हा शाळावाल्यांचा जुना हिशेब त्या जूनमध्ये चुकला, एवढे नक्की.

राज्याचा कायदा आणि यंत्राची जागा

लॉस एंजेलिसने स्वतःहून पाऊल उचलले त्याच वर्षी राज्याने इतरांसाठी सक्ती आणली. बेन ह्यूसो यांचे सिनेट विधेयक ४१५ राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये स्वाक्षरी करून कायद्यात आणले. जानेवारी २०१८ पासून ते लागू झाले. नियम साधा आहे. एखाद्या स्थानिक संस्थेच्या वेगळ्या निवडणुकीतले मतदान, त्याच भागातल्या मागच्या चार राज्यव्यापी सार्वत्रिक निवडणुकांच्या सरासरीपेक्षा किमान २५ टक्क्यांनी कमी असेल, तर तिला वेगळी तारीख ठेवता येणार नाही. वेळ हवा असेल तर संस्थेने १ जानेवारी २०१८ पूर्वी आराखडा मंजूर करायचा आणि नोव्हेंबर २०२२ पर्यंत तारखा जुळवायच्या. न जुळवल्यास कोणीही स्थानिक मतदार न्यायालयात जाऊ शकतो. स्वतःची सनद असलेल्या शहरांना हा कायदा लागू होत नाही, असे रेडोंडो बीच शहराच्या दाव्यात अपील न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. शाळा आणि पाण्याच्या सर्वसाधारण क्षेत्रांना त्या निकालाचा आधार नाही.

अशा क्षेत्राने तारीख बदलायची तर मंडळ ठराव करते. तो काउंटीच्या (राज्याच्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) पर्यवेक्षक मंडळाकडे जातो, इतर क्षेत्रांकडून मते मागवली जातात आणि काउंटी मंजुरी देते. नकार देता येतो तो मतपत्रिकेचा नमुना, मतदानाची साधने किंवा संगणक हा भार पेलू शकत नसतील तरच. लॉस एंजेलिस काउंटीत हीच अट वर्षानुवर्षे आडवी येत होती. तिथली जुनी शाईने खूण करायची पद्धत अशी होती की मतपत्रिकेवर जागा मर्यादित. छोट्या शाळा क्षेत्रांनी सम वर्षात यायला परवानगी मागितली की काउंटीकडून जागा नाही असे उत्तर मिळे. लोकशाहीच्या प्रश्नाचे उत्तर मतपत्रिकेच्या लांबीरुंदीवर अडून राहावे, हे मला अस्वस्थ करणारे वाटते. पण अंमलबजावणी करणाऱ्याला ती लांबीरुंदी टाळता येत नाही. काउंटीने स्वतःची नवी मतदानव्यवस्था घडवली आणि मार्च २०२० मध्ये ती पहिल्यांदा सर्वत्र वापरली.

तो पहिला दिवस कठीण गेला. ठरलेल्या बूथऐवजी काउंटीत कुठल्याही केंद्रावर मत देण्याची सोय होती. मतदार यादीची संगणकीय जुळणी मंदावली आणि अनेक ठिकाणी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. नव्या यंत्राच्या पडद्यावर एका वेळी चारच उमेदवार दिसत. पाचवा पाहायचा तर ‘मोअर’ हे बटण दाबायचे, आणि शेजारीच पुढच्या पदाकडे नेणारे ‘नेक्स्ट’ होते. बेव्हर्ली हिल्स शहर निवडणुकीआधीच न्यायालयात गेले होते, कारण ज्याचे नाव दुसऱ्या पडद्यावर त्याचे नुकसान उघड होते. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना मतदार शोधून काढतो. नगरसेवकाच्या किंवा शिक्षण मंडळाच्या पाचव्या उमेदवारासाठी एक बटण म्हणजे भिंत. एकत्र निवडणुकीत स्थानिक पदाचे काय होते हे टक्केवारीच्या तक्त्यापेक्षा मला या बटणातून जास्त नीट समजले. नोव्हेंबरमध्ये प्रत्येक मतदाराच्या घरी टपालाने मतपत्रिका गेली आणि हा अडसर बराच दूर झाला.

आकडे काय सांगतात

नगर परिषदेच्या चौथ्या विभागात २०१५ च्या दुसऱ्या फेरीत डेव्हिड रियू निवडून आले तेव्हा एकूण मते २५ हजारांच्या आत होती. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच विभागात सव्वा लाखाहून जास्त मते पडली आणि नित्या रामन यांनी रियू यांना हरवले. विद्यमान नगरसेवक हरण्याची ती सतरा वर्षांतली पहिली वेळ होती. २०२२ मध्ये कॅरन बास पाच लाखांहून जास्त मते घेऊन महापौर झाल्या. मतदान ४४ टक्क्यांच्या आसपास, २०१३ च्या जवळपास दुप्पट. झोल्टन हायनल यांच्यासारख्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांनी दाखवले आहे की सम वर्षात गेल्यावर संख्या तर वाढतेच, पण मतदारांचे स्वरूपही बदलते. तरुण आणि लॅटिनो मतदारांचा वाटा वाढतो.

शिक्षण मंडळाचे चित्र एवढे स्वच्छ नाही. २०१७ मध्ये निक मेल्व्हॉइन यांनी मंडळाचे अध्यक्ष स्टीव्ह झिमर यांना हरवले, त्या वर्षीच्या मंडळाच्या निवडणुकीत दोन्ही बाजूंनी मिळून दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला. शिक्षण मंडळाच्या निवडणुकीतला तो देशातला उच्चांक मानला गेला. मतदार वाढले की पैशाचा जोर कमी होईल अशी आशा होती. २०२० मध्ये पैशाचा ओघ आटला नाही. २०२२ मध्ये मात्र वेगळेच घडले. मंडळाच्या अध्यक्ष केली गोनेझ यांच्या विरोधात एक स्पॅनिशचे शिक्षक उभे होते. त्यांच्याकडे प्रचाराला पैसा जवळजवळ नव्हता, तरी त्यांनी गोनेझ यांना अगदी थोडक्या फरकापर्यंत आणले. लोकांनी माहिती घेऊन शिक्षकाला पसंती दिली, की माहिती नसताना ‘शिक्षक’ हा शब्द पाहून खूण केली? दोन्ही थोडेथोडे असावे. मला यात धोका दिसतो तसाच मोकळेपणाही दिसतो. जुन्या मार्चमध्ये असा उमेदवार इतक्या जवळ आला असता असे मला वाटत नाही.

सगळे श्रेय तारखेला देणे चूक ठरेल. २०२० हे साथीचे आणि ट्रम्प यांनी राष्ट्राध्यक्षपद टिकवण्यासाठी लढवलेल्या निवडणुकीचे वर्ष होते. २०२२ मध्ये रिक करूसो यांनी दहा कोटी डॉलरहून जास्त स्वतःचे पैसे ओतून महापौरपदाची लढत तापवली होती. तरीही दहा-वीस टक्क्यांच्या जागी चाळीस टक्के लोक शाळांचा कारभारी निवडत असतील, तर मी कोऱ्या रकान्यांचा तोटा पत्करून सम वर्षाच्या बाजूने उभा राहीन.

आपल्याकडे हेच का करता येत नाही

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना ‘एक देश, एक निवडणूक’ आले असेल. रामनाथ कोविंद समितीने १४ मार्च २०२४ रोजी दिलेल्या अहवालात लोकसभा-विधानसभेनंतर शंभर दिवसांच्या आत स्थानिक संस्थांच्या निवडणुका घ्याव्यात असे सुचवले आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मतदानाला गर्दीची वानवा नसते. गावात तर लोकसभेपेक्षा ग्रामपंचायतीला जास्त उत्साह असतो. म्हणजे लॉस एंजेलिसचे मूळ दुखणेच इथे तसे नाही. आपले दुखणे निवडणूकच न होण्याचे आहे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षे प्रशासक. लॉस एंजेलिसमध्ये तारखा पुढे गेल्या, पण निवडून आलेल्या मंडळाविना एकही दिवस गेला नाही.

शिवाय त्यांचा साडेपाच वर्षांचा मार्ग आपल्याला बंद आहे. राज्यघटनेचे अनुच्छेद २४३-ई आणि २४३-यू पंचायत व नगरपालिकेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे ठेवतात, आणि त्याहून अधिक नाही असे स्पष्ट सांगतात. त्यामुळे इथे तारखा जुळवायच्या तर मुदती कापाव्या लागतील. कोविंद समितीने त्यासाठी नवे अनुच्छेद ३२४-ए सुचवले आणि त्याला निम्म्या राज्यांची मंजुरी लागेल असेही म्हटले. पाच वर्षांसाठी निवडलेल्या सरपंचाची किंवा जिल्हा परिषद सदस्याची मुदत कापण्याआधी त्यांच्या मतदारांना कोणी विचारणार का, याचे उत्तर १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलेल्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकात सापडत नाही. ते विधेयक लोकसभा आणि विधानसभांपुरतेच आहे.